नाही म्हणणाऱ्यालाच पाठवा

३ जून

पाकीट फोडून वाचायचं असेल तर सरळ फोडावं, वर पुन्हा चिकटवायचं शहाणपण कशाला? तुझं मागचं पत्र डिंकात असं लडबडून आलं की अर्धा मजकूर पाकिटालाच राहिला. ‘आजी, इथे’ एवढं माझ्या हाती लागलं. पुढे तू जेवतेस का, झोपतेस का, ते पाकिटाला माहीत. तुझा बाप म्हणाला, शांततेच्या बोलण्यांच्या जागी जाणारीयेणारी पत्रं सरकारचा माणूस तपासतो. तपासू दे. हे पत्रही तोच आधी वाचेल, तेव्हा त्याला इथेच सांगून ठेवते. बाबा रे, डिंक बोटाने लावतात, बाटली उपडी करत नाहीत.

हे झालं लहान भांडण. आता मोठं.

सगळ्या पक्षांची माणसं एका विमानात घालून नेलीत. कशाला, तर समोरच्या देशाला दिसावं की लढाई संपवायच्या बाबतीत आपला सगळा देश एक आहे. आणि पहिल्याच बैठकीत काय झालं ते रेडिओवर ऐकलं. आपले परराष्ट्रमंत्री म्हणाले, नदीवरचा पूल उघडायचं बघू. लगेच त्यांच्या शेजारी बसलेला तो विरोधी पक्षाचा म्हातारा टेबलावर मूठ आपटून म्हणाला, पूल उघडला तर माझ्या मढ्यावरून. हे समोरच्यांच्या देखत. ते काय करत असतील तेव्हा? चहा पीत असतील. मी असते तर मीही प्याले असते, आणि वर दुसरा कप मागितला असता. झाकली मूठ ठेवायची सोडून तुम्ही ती टेबलावर आपटलीत.

घरी तेच. घड्याळजीने आपल्या आणि त्याच्या घरामधल्या बोळात लोखंडी कपाट आणून ठेवलंय. तुझा बाप म्हणतो, जाऊ दे, शेजारी आहे. तुझा काका म्हणतो, बोळाला भिंत घालतो. दोघं हे खिडकीत उभे राहून म्हणतात, त्यामुळे घड्याळजीला सगळं कळतं आणि कपाट तसंच राहतं.

ज्याला त्याला मला एकच विचारायचं असतं, पूल उघडणार का, तुमची लेक येणार का. तुझ्या आत्याला नदीपलीकडे दिली तेव्हा तो परका देश नव्हता, पलीकडचं गाव होतं. मग लढाई झाली, पूल बंद झाला, आणि त्यानंतर ना तिचं तोंड पाहिलं ना तिचं पत्र आलं. तिची मुलगी आता लग्नाची झाली असेल. असेल किंवा नसेल, मला काय करायचंय. पूल उघडला तरी मी त्यावर पाऊल टाकायची नाही. ज्याला यायचं असेल त्याने इकडे यावं.

आजी

९ जून

आजी,

ते पत्र तपासणारे गृहस्थ कालपासून मला बघून मान खाली घालतात. तू त्यांना आणखी काही लिहू नकोस. ते वयाने बाबांएवढे आहेत आणि आता बोटाने डिंक लावतात.

इथे सगळं उत्तम चाललं आहे. हॉटेल तिसऱ्याच देशातलं आहे, खिडकीतून तळं दिसतं. माझं काम तुला सांगितलंच होतं. कोणी कुठे बसायचं, कोणासमोर कोणता कागद ठेवायचा, आणि कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, हे मी बघते. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त. तू ज्यांना म्हातारा म्हणालीस त्यांना आम्ही सगळे तोफ म्हणतो. त्यांना माहीत आहे आणि आवडतं. मंत्रीसाहेब अगदी मऊ स्वभावाचे, खुर्ची सरकवतानासुद्धा तिची माफी मागतील असे. सकाळी न्याहारीला हे दोघं एकाच देशाचे असूनही दालनाच्या दोन टोकांना बसतात, आणि मीठ हवं असेल तर माझ्याकरवी मागवतात.

म्हणजे उत्तम म्हणायचं ते अशासाठी की मारामारी झालेली नाही. खरं सांगायचं तर मागच्या दोन बैठका झाल्याच नाहीत. आमच्या लोकांची आपसातली बैठक संपत नाही, तर समोरच्यांबरोबरची सुरू कशी होणार? त्यांच्या बाजूला माझ्यासारखंच काम करणारी एक बाई आहे. परवा जिन्यात भेटली. हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, “तुमच्यातल्या नक्की कोणाशी बोलायचं ते ठरलं की आमचं दार वाजवा.”

मला जमिनीत जावंसं वाटलं. पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत आमच्याकडून एक ठाम वाक्य गेलं नाही तर सगळे आपापल्या घरी परततील आणि पूल आहे तसाच बंद राहील. तुला पुलाशी देणंघेणं नाही हे वाचलं. मला आहे.

तुझी लवंगी

१५ जून

लवंगे,

मारामारी झाली नाही म्हणून उत्तम, हे म्हणजे जावई पडला नाही म्हणून लग्न छान झालं म्हणण्यासारखं आहे.

तुझे आजोबा होते तेव्हा या घरात सात माणसं होती आणि मतं नऊ. तुझ्या पणजोबांची एकट्याची तीन असायची. तरी या घराचा बाहेर गेलेला शब्द कधी फिरला नाही. कारण आमची एक रीत होती. दार लावून घ्यायचं आणि पोटभर भांडायचं. भांडी आपटा, रुसा, उपाशी राहा. पण एकदा ठरलं की निरोप घेऊन कोणाला पाठवायचं? जो सगळ्यात मोठ्याने नाही म्हणत होता त्याला. हो म्हणणाऱ्याला पाठवलंस तर नाही म्हणणारा घरात बसून तो निरोप कुरतडतो. उंदराला धान्यावर बसवल्यासारखं. पण तोच घेऊन गेला तर परत येऊन काय म्हणणार? स्वतःच्या तोंडाने बोललेलं स्वतःच कसं खाणार?

तुझ्या आत्याचं स्थळ आलं तेव्हा माझे सासरे आडवे आले होते. नदी ओलांडून मुलगी द्यायची नाही म्हणजे नाही. चार दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. शेवटी ठरलं, द्यायची. मग होकार घेऊन त्यांनाच पाठवलं. जाताना असं तोंड होतं की जणू स्वतःच्याच तेराव्याला निघालेत. परत आले ते मिशीला पीळ देत. पुढे मरेपर्यंत सांगत होते, स्थळ मी शोधलं.

तेव्हा तुमच्या तोफेचं तोंड बंद करायच्या नादी लागू नका. तिच्याच तोंडून बोला. मीही धाकट्याला, तुझ्या काकाला, घड्याळजीकडे पाठवतेय. ठरलेलं एवढंच की कपाट राहू दे, पण भिंतीला लावून, जायला वाट सोडून.

उत्तर लवकर लिही. पुलाचं नव्हे, तोफेचं काय झालं ते.

आजी

२४ जून

आजी,

मी हे मंत्रीसाहेबांच्या कानावर घातलं. कुठून कळलं विचारल्यावर म्हटलं, एका अनुभवी सूत्राकडून. त्यांना वाटलं गुप्तचर खातं. लगेच मान्य केलं.

दार लावून आमच्या माणसांचं दोन दिवस भांडण झालं. तुझ्याकडची भांडी नव्हती, पण एक फुलदाणी गेली. शेवटी ठरलं की आठवड्यातून तीन दिवस पूल उघडायचा, फक्त नातलगांसाठी. आणि हे सांगायला तोफेला पाठवलं. तेराव्याचं तोंड म्हणजे काय ते मी डोळ्यांनी पाहिलं.

पण पुढे तू सांगितलंस तसं झालं नाही. तोफ आत गेली तशी समोरची सगळी माणसं उठून उभी राहिली. त्यांचा प्रमुखही म्हातारा आहे, कानाला यंत्र लावतो. त्याने स्वतः खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, तुमची भाषणं मी आमच्या लोकांना चोरून ऐकत आलोय, शिव्या आम्हालाच असायच्या पण काय भाषा. आजी, आपल्या देशात त्यांच्या भाषणाला कोणी भाषा म्हणत नाही, आरडाओरडा म्हणतात. ते विरघळले. तीन दिवस म्हणायला गेले होते, रोज म्हणून आले. वर पुलाच्या तोंडाशी बाजार भरवायचं कबूल केलं, आणि नदीतली मासेमारीही वाटून घ्यायचं.

बाहेर आल्यावर ते मंत्र्यांना म्हणाले, लोक चांगले आहेत हो, तुम्ही उगाच ताणून धरता. आणि आपले मऊ मंत्रीसाहेब, खुर्चीची माफी मागणारे, त्यांनी टेबलावर मूठ आपटली. म्हणाले, बाजार भरला तर माझ्या मढ्यावरून. मी पाठमोरी होते. कोण बोललं ते बघायला वळावं लागलं.

आता तोफ पुलाच्या बाजूने आहे आणि सरकार विरोधात. दिवस थोडे उरलेत. तुझ्या रीतीत यावर काही उतारा आहे का?

लवंगी

२९ जून

लवंगे,

नाही.

घड्याळजीनेही धाकट्याला खुर्ची दिली. त्याचं मनगटावरचं घड्याळ काढून घेऊन साफ करून दिलं, आणि मग म्हणाला, या बोळाचं काय करावं, तुमच्यासारख्या माणसाचं मत हवं होतं. जन्मात त्याला कोणी मत विचारलेलं नाही. बायको तर भाजीसुद्धा विचारत नाही. तो अर्धा बोळ देऊन आला आणि मागच्या दाराची एक किल्लीही. वर मला सांगतो, आई, शेजारधर्म असतो.

आणि तुझा बाप, जो वर्षानुवर्षं जाऊ दे जाऊ दे करत होता, तो आता ताटावरून उठतो. मला न विचारता बोळ दिलाच कसा? भिंत घाला. कालपर्यंत जी भिंत धाकट्याची होती ती आज थोरल्याची झाली. भिंत तीच, गवंडी बदलला.

रीत खोटी आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या सासऱ्यांना पलीकडे कोणी खुर्ची दिली नसेल, एवढंच. तुझं तू बघ. शिकलीस ना? मी दुसरीत शाळा सोडली, मला दुसरी रीत येत नाही.

पूल रोज उघडायचा म्हणतात की तीन दिवस? सहज विचारते. बाजारात विचारतात म्हणून.

आजी

१४ जुलै

आजी,

झालं. आता सांगते कसं.

तुझ्या पत्राने एक कळलं, की बाबा आणि काकांची मतं नुसती जागा बदलतात. म्हटलं, बदलतातच ना, मग आपणच बदलू. समोरच्यांबरोबरच्या बैठकीआधी सकाळी मी आमच्या खोलीत खुर्च्यांवरच्या नावाच्या पाट्या उलट ठेवल्या. मंत्र्यांच्या जागी तोफ, तोफेच्या जागी मंत्री, आणि समोरच्या देशाच्या जागी मी. अट अशी की ज्याच्या खुर्चीत बसलात त्याची बाजू मांडायची. दोघांनाही वाटलं मी थट्टा करतेय. मग मंत्रीसाहेबांनी तोफ व्हायला सुरुवात केली आणि त्यांना थांबवेना. इतकी वर्षं पोटात होतं ते सगळं बाहेर आलं. तोफ मात्र मंत्री होऊन फुरंगटून बसली, आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “तुम्ही रोज हे ऐकून घेता? कसं घेता?”

त्यानंतर वाक्य मिळायला वेळ लागला नाही. मी ते दोघांनाही एकमेकांच्या खुर्चीतून वाचायला लावलं. जो शब्द वाचताना एकाचीही जीभ अडखळली तो काढून टाकला. बाजार गेला, मासे पुढच्या वर्षावर गेले. उरलं ते असं. पूल उघडायचा, आधी फक्त नातलगांसाठी, एका घरातून एकच माणूस, एका महिन्याचा परवाना. ते घेऊन समोर दोघं एकत्र गेले. जिन्यातल्या त्या बाईने दार उघडलं आणि दोघांना एकदम बघून मला डोळ्याने विचारलं, बोलायचं ते यांच्याशीच का?

आपल्या संसदेत काल सगळे हात वर गेले. एक सदस्य झोपले होते, त्यांचा हात शेजारच्याने वर केला. शेजारचा दुसऱ्या पक्षाचा होता. सभापतींनी दोन्ही हात मोजले.

एक गोष्ट मात्र तुमच्यासाठी अवघड आहे. परवान्यासाठी प्रत्येक घराने एकच नाव द्यायचं आणि त्यावर घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी सही करायची. एकाची सही नसेल तर त्या घराचा परवाना रद्द. ही अट तोफेची. म्हणाली, घराचं एकमत होत नसेल तर देशाचं कसलं होतंय. मी विरोध केला होता. मला आपलं घर माहीत आहे.

लवंगी

७ ऑगस्ट

लवंगे,

आईने, म्हणजे तुझ्या आजीने, लिहिलं नाही म्हणून हा काका लिहितोय. तुझ्या सरकारने देशाचं जमवलं आणि आमच्या घराला आग लावली.

परवान्याचा कागद आला त्या दिवशी दादा म्हणाला, मी थोरला भाऊ, मी जाणार. मी म्हटलं, ताईचा लाडका मी, मी जाणार. तुझी काकू म्हणाली, दोघांनाही तिथे धड बोलता येणार नाही, मी जाते. आई म्हणाली, मला मोजू नका, मी त्या पुलावर पाऊल टाकणार नाही म्हणून सांगितलंय.

आता तुला म्हणून सांगतो. ती रोज रेडिओला कान लावून बसायची, विचारलं तर म्हणायची, सेल संपलेत का बघतेय. नव्या चपला आणल्या, जुन्या चावतात म्हणून, आणि बोळात येरझाऱ्या घालून त्या मऊ केल्या. बोळात कपाट आहे तरी.

शेवटचा दिवस आला तरी नाव ठरेना. तुझा तो खुर्च्यांचा खेळही केला. दादा मी झाला. असा हुबेहूब झाला, कान खाजवण्यासकट, की तुझ्या काकूने त्यालाच दोन सुनावल्या. बोळापलीकडून घड्याळजी इतका हसला की शेवटी इकडेच येऊन बसला आणि म्हणाला, मी कपाट काढतो पण तुम्ही असेच भांडत जा. त्या हसण्यात काय झालं कोण जाणे, दादा आणि मी एकदम म्हणालो, “आई.” जन्मात पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच वेळी एकच शब्द बोललो असू.

आई तडकली. मी नाही, कधीच नाही, तुम्हाला मला बाहेर काढायचंय. दादा शांतपणे म्हणाला, सगळ्यांचा हो झालाय, नाही तुझा एकटीचा आहे. सही करू नकोस. उद्या कचेरीत सांगतो, आमच्या घराचं जमलं नाही.

तिने चष्मा चढवला. मग म्हणाली, “त्या तोफेला हसायला कारण नको. आण तो कागद.” सही अशी दाबून केली की खालच्या वर्तमानपत्रावरही उमटली.

पुलापर्यंत मी सोडायला गेलो. तिने मागे वळून पाहिलं नाही. पहाऱ्यावरचा शिपाई पिशवी उघडायला सांगत होता आणि ती त्याला सांगत होती की घडी त्यालाच घालावी लागेल. त्याने घातली.

काका

१९ ऑगस्ट

लवंगे,

इकडची टपालाची तिकिटं जिभेला कडू लागतात. आपल्याकडची बरी. हे इथल्या लोकांना सांगितलं तर त्यांना राग आला, म्हणजे खरं असणार.

पूल वाटला होता त्यापेक्षा आखूड आहे. इतकी वर्षं एवढ्याशासाठी. तुझी आत्या पलीकडच्या टोकाला उभी होती. केस पिकलेत, माझ्यापेक्षा जास्त. मला बघून म्हणाली, “किती उशीर केलास.” मी म्हटलं, सरकारला विचार. मग तिने माझी पिशवी ओढली. मी सोडली नाही, तिनेही सोडली नाही. घरापर्यंत ती पिशवी आम्ही दोघींनी धरून आणली, आणि पिशवीत होतं काय, दोन लुगडी आणि चष्म्याचं घर.

इथलं घर म्हणजे आपलंच घर आहे, फक्त दारं उलट्या बाजूला उघडतात. जावई म्हणतो, पूल उघडला ते बरं झालं. त्याचा भाऊ म्हणतो, यात तुमच्या तोफेचा डाव आहे. विहीणबाई म्हणतात, आमच्या माणसांनी सगळं देऊन टाकलं. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे म्हणतात आम्हीच दिलं. मग लढाई आधी कोणी सुरू केली यावरून आमची जुंपली. रोज सकाळी ठरवतो की हिच्याशी बोलायचं नाही, आणि चहाला विचारायचं तरी लागतंच ना. काल त्यांनी मला त्यांची खुर्ची दिली. मी बसले, पण एक इंच जमीन सोडली नाही. तोफेला सांग, बसावं असं.

नातीचं लग्न ठरलंय. तुझ्यासारखीच आहे, वटवट करणारी, फक्त दिसायला बरी. लग्न पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला आणि माझा परवाना संपतो पाच तारखेला. मला राहायची हौस आहे असं समजू नकोस. पण लग्नघरात कामाला माणूस लागतं, आणि विहीणबाईंना सगळं येतं असं त्यांना वाटतं. हा गैरसमज दूर करून मगच निघावं म्हणते. मुदत वाढवायला इथल्या कचेरीत गेले. ते म्हणाले, तुमच्या सरकारने सांगितलं तर वाढवू. तिथूनच आपल्या कचेरीला फोन लावला. ते म्हणाले, पलीकडच्या सरकारने मागितलं तर देऊ. दोन्हीकडची माणसं गोड बोलली. कोणी नाही म्हणालं नाही, कोणी हो म्हणालं नाही, आणि दिवस चाललेत.

तेव्हा या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस. तू नात आहेस, काहीतरी समजुतीचं लिहिशील. मंत्र्यांनी एकट्याने लिहायचं नाही, तोफेने एकट्याने तर मुळीच नाही. त्या दोघांनी आणि कानाला यंत्र लावणाऱ्या इथल्या म्हाताऱ्याने, तिघांनी एका टेबलाशी बसून, एकाच कागदावर, एकच उत्तर लिहायचं आणि खाली तिघांनी सह्या करायच्या. तोवर मी इथून हलणार नाही, आणि मला हलवायला कोणी शिपाई पाठवला तर विहीणबाई दारात आहेत.

आजी